काळी माशी आणि भाताचे कुसळ

पावसाळ्यात तुम्ही भिवंडीहून वज्रेश्वरीकडे गेला असाल, तर तानसा नदी तुम्ही पाहिली असेल. खडकांना धडकून फेस काढीत पाणी धावत असते. अशा पाण्याची आपल्याला भीती वाटते ती पुराची, फार तर पाय घसरण्याची. पण समजा, तुम्हाला कोणी सांगितले की या फेसाळ पाण्याजवळ वर्षानुवर्षे राहिल्याने माणसे आंधळी होतात, तर तुमचा विश्वास बसेल काय?

पश्चिम आफ्रिकेत व्होल्टा नदीच्या खोऱ्यात हे खरोखरच घडत होते. तेथील काही गावांत चाळिशी उलटलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्मे आंधळे झालेले होते. काठीचे एक टोक आंधळ्या माणसाच्या हाती आणि दुसरे टोक पुढे चालणाऱ्या लहान मुलाच्या हाती, असा एक पुतळा जिनीव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयात उभा आहे. वडिलांचे डोळे जातात तेव्हा मुलाची शाळाही जाते, एवढे त्या पुतळ्याकडे पाहून कळते. शेवटी नदीकाठची कसदार जमीन सोडून लोक दूरच्या हलक्या जमिनीवर जाऊन राहिले आणि काठावरची गावे ओस पडली. या रोगाला जगभर ‘नदीचे आंधळेपण’ असे म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव ऑन्कोसर्कायसिस.

हा रोग आपल्याकडे नाही, हे आधीच सांगून टाकतो. मग त्याचा अभ्यास भिवंडीच्या मुलांनी का करावा? कारण असे की, या रोगाचे कोडे नुसता डोळा तपासून सुटले नाही. नदी, माशी, कृमी आणि माणसाचे रोजचे काम अशी सगळी साखळी तपासावी लागली. आपल्या गावात कोणाची दृष्टी गेली असेल, तर तिचे कारणही पुष्कळदा असेच डोळ्याच्या बाहेर सापडते.

माशी, कृमी आणि डोळा

ग्वाटेमाला या देशातील रोदोल्फो रोब्लेस नावाच्या डॉक्टरांनी १९१५ साली एक गोष्ट हेरली. कॉफीच्या मळ्यांत काम करणाऱ्या ज्या लोकांचे डोळे बिघडत, त्यांच्या डोक्यावर कातडीखाली लहान लहान गाठी असत. गाठ कापून पाहिली तर आत दोऱ्यासारखे गुंतलेले कृमी निघत. गाठी काढून टाकल्या की डोळ्यांनाही आराम पडे. हे कृमी माणसाच्या अंगात शिरतात कसे, याचे उत्तर ब्लॅकलॉक या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये सिएरा लिओनमध्ये दिले. सिम्युलियम नावाची एक लहानशी, पाठीला पोक असलेली काळी माशी चावते आणि चावताना कृमीच्या अळ्या माणसाच्या अंगात सोडते.

आता नदीचा संबंध पाहा. डासाला अंडी घालण्यासाठी साचलेले पाणी लागते. काळ्या माशीचे नेमके उलटे आहे. तिच्या अळ्या खडकाला किंवा पाण्यात लोंबणाऱ्या पानाला शेपटीकडील बारीक आकड्यांनी घट्ट धरून राहतात आणि समोरून वाहत येणारे अन्नाचे कण टिपतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यांना भरपूर लागतो. म्हणून पाणी जितके वेगाने आणि फेसाळत वाहील, तितके त्यांना मानवते. माशी दिवसा चावते आणि तीही नदीच्या आसपास. म्हणजे जो शेतकरी नदीकाठी शेत करतो, जी बाई पाणी भरायला जाते, त्यांनाच तिचा प्रसाद मिळतो.

अंगात शिरलेल्या अळ्यांचे मोठे कृमी होतात. मादी वीतभराहून लांब असते. ती दहा ते पंधरा वर्षे जगते आणि रोज हजाराच्या आसपास सूक्ष्मकृमींना जन्म देते. हे सूक्ष्मकृमी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असतात. ते कातडीतून फिरत फिरत डोळ्यापर्यंत पोहोचतात. गंमत अशी की, जिवंतपणी ते डोळ्याला फारसा त्रास देत नाहीत. ते मरतात तेव्हा शरीर त्या मृत कणांवर तुटून पडते, तेथे दाह होतो आणि दाहाचा व्रण राहतो. एका व्रणाने काही बिघडत नाही. पण पंधरावीस वर्षे रोज थोडे थोडे व्रण पडत गेले की डोळ्याची पुढची स्वच्छ काच पांढरी होते. आतील दृष्टिपटल आणि दृष्टिचेता यांचीही हानी होते. नदीचे आंधळेपण तरुणपणी कमी आणि उतारवयात जास्त दिसते ते यामुळे. माशी लहानपणापासूनच चावत असते. हिशेब मागाहून चुकता होतो.

कृमीचे वय

१९७४ साली पश्चिम आफ्रिकेतील सात देशांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या माशीविरुद्ध मोहीम सुरू केली. पुढे देशांची संख्या अकरा झाली. हेलिकॉप्टर आणि लहान विमाने नद्यांवरून फिरत आणि माशीच्या अळ्या मारणारे औषध पाण्यात सोडीत. हे औषध टेमेफॉस. आपल्याकडेही नगरपालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्यांसाठी पाण्याच्या टाक्यांत ते टाकतात; ‘अबेट’ हे नाव तुम्ही ऐकले असेल. उष्ण प्रदेशात अळीची वाढ आठवडा-दीड आठवड्यात पुरी होते. म्हणून औषधही आठवड्याला एकदा टाकावे लागे. एक आठवडा चुकला की माशांची नवी पिढी उडून गेलीच. पुढे काही माशा औषधाला दाद देईनाशा झाल्या, तेव्हा बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा उपयोग करण्यात आला.

पण ही मोहीम किती वर्षे चालवायची? येथे गणित आले. माणसाच्या अंगातील मोठ्या कृमीला मारील असे सुरक्षित औषध त्या वेळी नव्हते. मग एकच मार्ग उरतो. माशी येऊ द्यायची नाही आणि अंगातील कृमी म्हातारे होऊन मरेपर्यंत वाट पाहायची. कृमीचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचे, म्हणून पहारा त्याहून जास्त काळ ठेवायला हवा. दोन-तीन वर्षांत माशा दिसेनाशा झाल्या म्हणून कोणी थांबला असता, तर सगळा खर्च पाण्यात गेला असता. मोहीम २००२ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे चालली. तिच्यामुळे सहा लाख माणसांची दृष्टी वाचली आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वस्तीला व शेतीला मोकळी झाली, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे.

मधल्या काळात औषधही सापडले. जपानमधील सातोशी ओमुरा यांनी इतो गावाजवळच्या एका गोल्फच्या मैदानालगतची माती तपासली. तीत एक नवा जिवाणू मिळाला. अमेरिकेतील मर्क कंपनीत विल्यम कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जिवाणूपासून मिळणाऱ्या द्रव्याची पारख केली आणि त्यातून आयव्हरमेक्टिन तयार झाले. आधी ते गुराढोरांसाठी वापरले गेले. १९८७ मध्ये कंपनीने ते नदीच्या आंधळेपणासाठी फुकट देण्याचे जाहीर केले. या शोधाबद्दल ओमुरा आणि कॅम्बेल यांना २०१५ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आयव्हरमेक्टिन सूक्ष्मकृमींना मारते, मोठ्या कृमीला मारीत नाही. म्हणून तेही वर्षातून एकदा किंवा दोनदा, दहा-पंधरा वर्षे सारखे द्यावे लागते. पाहा, हिशेब पुन्हा कृमीच्या वयाशीच येऊन थांबला! कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको आणि ग्वाटेमाला या देशांतून हा रोग २०१३ ते २०१६ या काळात नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आफ्रिकेतील नायजर या देशाबद्दल तशी घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली.

तानसा-कामवारीच्या काठी

आता आपण आपल्या मुलखात येऊ. काळ्या माशीच्या काही जाती भारतातही आहेत. हिमालयात आहेत तशा सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. परंतु नुसती माशी असून भागत नाही. तिने नेण्यासारखा कृमी हवा आणि तो येथे रुजलेला नाही. साखळीतील एक कडी नसली की रोग नाही.

त्या कृमीचा एक चुलतभाऊ मात्र ठाणे-पालघर भागाला ओळखीचा आहे. तो म्हणजे हत्तीरोगाचा कृमी. त्याला वाहून नेतो तो डास, आणि तोही गटाराच्या साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा. याचे सूक्ष्मकृमी रात्री रक्तात उतरतात. आरोग्य खात्याची माणसे रात्री घरोघर जाऊन बोटातून रक्ताचा थेंब का घेतात, याचे उत्तर हे. हा कृमी पाय सुजवतो, डोळ्यांना हात लावीत नाही. दोघांचे घराणे एक असले तरी औषध मात्र जपून द्यावे लागते. हत्तीरोगावर दिली जाणारी डीईसी ही गोळी नदीच्या आंधळेपणाच्या रोग्याला दिली, तर असंख्य सूक्ष्मकृमी एकदम मरून त्याचा डोळा अधिकच बिघडू शकतो.

मग आपल्याकडे दृष्टी जाते कशाने? २०१५ ते २०१९ या काळात देशभर एक पाहणी झाली. पन्नास व त्यावरील वयाच्या माणसांत शंभरात सुमारे दोघे आंधळे आढळले. आंधळा कोणाला म्हणायचे, याची व्याख्याही समजून घ्या. निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून वाचता येणारे अक्षर ज्याला चष्मा लावूनही तीन मीटरवरूनसुद्धा, आणि तेही दोहोंतील चांगल्या डोळ्याने, ओळखता येत नाही, तो आंधळा. २०१७ पूर्वी आपल्या देशात ही मर्यादा सहा मीटरची होती. त्यामुळे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून ‘आंधळेपण किती झपाट्याने कमी झाले’ असे म्हणण्याची घाई करू नये. थोडे व्याख्येनेही कमी केले आहे.

या पाहणीत आंधळेपणाच्या कारणांत पहिला नंबर मोतीबिंदूचा होता. तीन आंधळ्यांपैकी जवळजवळ दोघे मोतीबिंदूचे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की माणूस पुन्हा पाहू लागतो. म्हणजे हे दोघे आंधळे शस्त्रक्रियेची वाट पाहत बसले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खेडोपाडी नेत्रशिबिरे भरली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या नेत्रतज्ज्ञांनी हजारो माणसांचे मोतीबिंदू काढले. तरीही शस्त्रक्रियेला यायला घाबरणारी, सुगी उरकू दे, लग्न उरकू दे म्हणून वर्षे घालवणारी माणसे तुमच्या ओळखीची असतील. काचबिंदूचे तसे नाही. त्यात दृष्टिचेता मरते आणि मेलेली चेता परत येत नाही. म्हणून ‘बिंदू’ हा शब्द ऐकून दोन्ही एकच समजू नका.

बिघाड डोळ्याच्या कोणत्या भागात झाला, यावर तो भरून निघेल की नाही हे ठरते. भिंग बदलता येते. दृष्टिपटल आणि चेता बदलता येत नाहीत. या दोहोंपेक्षा वेगळी गोष्ट आहे ती सर्वांत पुढच्या काचेची, पारपटलाची. तेथील इजा बरी होण्यासारखी असते खरी, पण वेळ गेली की होत नाही. भिवंडी तालुक्यासारख्या भातशेतीच्या मुलखात ही पुढची काचच जास्त धोक्यात असते.

कुसळ

‘दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही’ ही म्हण तुम्ही व्याकरणाच्या तासाला पाठ केली असेल. म्हणीतील मुसळ गमतीचे आहे. कुसळ मात्र खरेच आहे आणि ते मुसळाहून कमी घातक नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पडघा, अनगाव, दाभाड या बाजूच्या शेतांतून भातकापणी चालू असते. वाकून विळा चालवताना भाताचे करवतीसारख्या कडेचे पाते डोळ्याला घासते. झोडणीच्या वेळी भारा आपटला की कुसळे आणि तूस उडते. भात संपले की गवतकापणी. आपल्याकडे गवताच्या एका जातीला लोकांनी ‘कुसळी’ असेच नाव दिले आहे, यावरून तिचा स्वभाव कळावा.

पारपटल म्हणजे बुबुळापुढची काच, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आपल्याला आरपार दिसलेच नसते. पण त्याचा तोटा असा की, रोगजंतू शिरले तर त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथे चटकन पोहोचू शकत नाहीत. तिचे रक्षण करतो तो सर्वांत वरचा पातळ थर. तो शाबूत आहे तोवर बहुतेक जंतूंना दार बंद. पात्याने ओरखडा काढला की दार उघडले. हा थर मोठा मेहनती असतो. ओरखडा लहान असला तर एका-दोन दिवसांत तो आपोआप भरून येतो. म्हणजे सारी शर्यत या एका-दोन दिवसांची आहे. थर आधी भरतो, की जंतू आधी घर करतात?

शेतातील ओरखड्यात जिवाणू असतातच, शिवाय बुरशीही असते. कुजका पाला, पेंढा, ओली माती यांवर वाढणारी ॲस्परजिलस आणि फ्युझेरियम ही बुरशी पात्याबरोबर थेट डोळ्यात पेरली जाते. बुरशीची जखम सुरुवातीला फारशी दुखत नाही. डोळा थोडा लाल, थोडे पाणी, थोडी टोचणी. माणूस म्हणतो, ‘होईल बरे.’ आठ-दहा दिवसांनी बुबुळावर राखट ठिपका दिसतो. मग दवाखाना. तोवर बुरशीची मुळे काचेच्या थरांत खोल गेलेली असतात. महिनोन्‌महिने औषध घातले तरी जागेवर पांढरा डाग राहतो. आपण म्हणतो ‘डोळ्यात फूल पडले’. किती सुंदर शब्द आणि किती वाईट गोष्ट!

नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात यावर एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत कोणताही मोठा शोध नाही. गावातील कार्यकर्त्यांना थोडे शिक्षण देऊन ओरखडा ओळखायला शिकवले आणि क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे साधे मलम त्यांच्या हाती दिले. डोळ्याला काही लागले की लोकांनी त्यांच्याकडे यायचे, मलम तीन दिवस लावायचे. ओरखडे पडलेल्या ४४२ माणसांपैकी ४२४ जणांचे डोळे जखम न चिघळता बरे झाले. आणि ज्यांच्यावर लागल्यापासून अठरा तासांच्या आत उपचार सुरू झाले, त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही.

हा अठरा तासांचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सकाळी दहाला पाते लागले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे चारला अठरा तास भरतात. म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी, काम सुटल्यावर का होईना, आरोग्य केंद्र गाठले पाहिजे. ‘उद्या बघू’ म्हटले की आकडा हातचा गेला.

आणि या अठरा तासांत आपल्याकडे काय काय चालते, तेही लिहिले पाहिजे. कोणी पदराचा पीळ करून कुसळ काढतो, कोणी जिभेच्या टोकाने काढतो. कोणी एरंडेल घालतो, कोणी मध, कोणी झाडपाल्याचा रस. जिभेवर जिवाणूंची वस्ती असते आणि पाल्याच्या रसात बुरशी. ज्या दाराने चोर शिरणार, तेच दार आपण उघडून धरतो. याहून वाईट म्हणजे औषधाच्या दुकानातून मागचापुढचा विचार न करता आणलेले ‘लाली उतरवणारे’ थेंब. त्यांपैकी काहींत स्टिरॉइड असते. लाली खरोखरच उतरते, दुखणे थांबते, घरच्यांना वाटते गुण आला. लाली ही शरीराच्या लढाईची खूण असते. स्टिरॉइड ती लढाईच थांबवते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. म्हणून डॉक्टरांनी डोळा पाहून दिल्याखेरीज कोणतेही थेंब डोळ्यात घालू नयेत. मागच्या वर्षीची उरलेली बाटली तर मुळीच नको.

करायचे ते एवढेच. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये, रुतलेली वस्तू उपटण्याची खटपट करू नये आणि सरळ आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या रुग्णालयात जावे. झोडणीच्या वेळी साधा पारदर्शक चष्मा घातला तर यातील बरेचसे टळेल. पण वाकून काम करताना चष्मा घामाने धूसर होतो आणि घसरतो, ही कापणी करणाऱ्यांची तक्रारही खरी आहे. घाम आला तरी धूसर न होणारा स्वस्त चष्मा कसा करता येईल, हा तुमच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चांगला विषय होईल. दरवर्षीच्या त्याच त्या ज्वालामुखीपेक्षा तरी बरा.

बुबुळावर फूल पडलेच, तर मृत व्यक्तीने दान केलेले पारपटल बसवता येते. नेत्रदान मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत व्हावे लागते. चष्मा असणाऱ्याला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यालाही ते करता येते. परंतु बुरशीने पोखरलेल्या डोळ्यात बसवलेले पारपटल पुष्कळदा टिकत नाही. एका संध्याकाळच्या मलमाची सर त्याला नाही.

माग, चुना आणि ताटातला पाला

भिवंडी शहरात शेत नाही, माग आहे. यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि त्याची दोन्ही टोके धातूने मढवलेली असतात. माग बिघडला की धोटा उडतो. तो डोळ्यावर बसला तर ओरखड्यावर भागत नाही, डोळा फुटतो. अशा वेळी डोळा धुवायचाही नाही, दाबायचाही नाही. वरून वाटीसारखे काही झाकून तडक रुग्णालय. धोटा अडवणारी जाळी किंवा दांडी मागाला बसवणे ही फार जुनी आणि स्वस्त युक्ती आहे.

मागावर आणखी एक गोष्ट घडते, पण ती गाजावाजा न करता. चाळिशीच्या आसपास डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे दिसेनासे होते. आपल्या भाषेने तर त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ नाव देऊन टाकले आहे. तुटलेला धागा शोधून गाठ मारणे हे ज्याचे काम आणि विणलेल्या कापडाच्या मापावर ज्याची मजुरी, त्याला ही चाळिशी थेट पगारात कापते. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशी उलटलेल्या मजुरांना असे साधे चष्मे देऊन पाहिले. ज्यांना चष्मे मिळाले, त्यांनी खुडलेल्या पानांचे वजन इतरांपेक्षा पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढले. ही पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

चुना हा तर घरातला शत्रू. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा नळी मुले खेळायला घेतात, दाबतात आणि ती फुटून चुना डोळ्यात उडतो. चुना अल्कधर्मी असतो. आम्लापेक्षा अल्क डोळ्यात जास्त खोल शिरते. येथे अठरा तास सोडाच, अठरा मिनिटेही हातात नसतात. पापण्या उघड्या धरून, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवत राहावे, चुन्याचे कण पापणीखालून निघतील असे पाहावे आणि मगच दवाखान्याकडे निघावे.

जीवनसत्त्व ‘अ’ च्या अभावाने होणारा रातांधळेपणा तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेच. अंधुक उजेडात पाहण्यासाठी दृष्टिपटलातील दंडपेशींना एक रंगद्रव्य लागते आणि ते या जीवनसत्त्वापासून बनते. अभाव वाढला तर पारपटल कोरडे पडून विरघळूही लागते, आणि गोवर आला तर हे फार वेगाने होते. १९७० पासून सरकारने लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे मोठे डोस देण्यास सुरुवात केली. नवव्या महिन्यात एक लाख एकक, नंतर पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख. यकृत ते साठवून ठेवते, म्हणून इतक्या दिवसांचे एकदम देता येते. शेवग्याचा पाला, पावसाळ्यातला टाकळा यांतही त्याचा कच्चा माल भरपूर आहे, मात्र भाजीला थोडे तेल हवे. तेलावाचून तो आतड्यातून शोषला जात नाही. खुपऱ्यांचा रोग एकेकाळी देशाच्या कोरड्या भागात हजारोंना आंधळे करी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात आता तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाही, असे जाहीर केले.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने दृष्टी मोजण्याचा तक्ता वर्गातच तयार करता येईल. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने इंग्रजी ‘ई’ अक्षर काढा. त्याची उंची आणि रुंदी सारखी ठेवा. प्रत्येक रेघ आणि मधली प्रत्येक फट उंचीच्या पाचव्या हिश्श्याएवढी असावी. साठ मीटरच्या अक्षराची उंची ८७ मिलिमीटर, अठरा मीटरच्या अक्षराची २६, बारा मीटरच्या अक्षराची साडेसतरा आणि सहा मीटरच्या अक्षराची सुमारे पावणेनऊ मिलिमीटर. हे आकडे पाठ करू नका. प्रत्येक अक्षर आपापल्या अंतरावरून डोळ्याशी पाच कलांचा, म्हणजे अंशाच्या बाराव्या हिश्श्याचा कोन करते, यावरून ते स्वतः काढून पाहा.

भरपूर उजेडात सहा मीटरवर उभे राहून एकेक डोळा झाकून पाहा. अक्षराचे तोंड कोणत्या दिशेला आहे, एवढे हाताने दाखवायचे, म्हणजे शाळेत न गेलेल्या आजीलाही परीक्षा देता येते. कोणाला बारा मीटरचे अक्षर दिसत नसेल, तर पुठ्ठ्याला जाड सुईने एक मिलिमीटरचे भोक पाडून त्यातून पाहायला सांगा. भोकातून अक्षर स्पष्ट दिसले, तर दोष बहुधा चष्म्याने जाणारा आहे. भोकातूनही दिसले नाही, तर भिंग, पारपटल किंवा दृष्टिपटल यांपैकी कोठेतरी बिघाड असू शकतो आणि नेत्रतज्ज्ञांकडे लवकर जायला हवे. या भोकातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका.

नोंदवहीत नाव, वय आणि दोन्ही डोळ्यांचे आकडे लिहाल, त्याबरोबर आणखी तीन रकाने ठेवा. डोळ्याला कधी काही लागले होते काय? कोणते काम करताना? आणि लागल्यावर किती तासांनी औषध मिळाले? हे रकाने एकदा वैशाखात, राब भाजून झाल्यावर, आणि एकदा कार्तिकात, झोडणी संपल्यावर भरा आणि दोन्हींची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहा.